उजव्या हाताची गाठ

बॅरिस्टरबाईंनी मृत्युपत्र टेबलावर ठेवलं, दिव्याची मान खाली वाकवली आणि बराच वेळ तोंडातून ब्र काढला नाही. मालकिणीला ते मुळीच रुचलं नाही. गप्प माणसाचा तिला जन्माचा तिटकारा. बोलणारा निदान कुठे घसरतो ते दिसतं.

"एवढं काय शोधताय? ऊ पडलीय का त्यात?"

"गाठ बघतेय," बॅरिस्टरबाई म्हणाल्या.

मालकिणीच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. बारा कारागिरांना एका नजरेत गार करणारी बाई ती. काळजातलं काळजातच ठेवायचं, हा तिचा शिरस्ता.

तिला सगळे मालकीणच म्हणत. नवऱ्याचा पुस्तकं बांधायचा कारखाना. तो मालक, म्हणून ती मालकीण. मालकांना जाऊन आठ महिने झाले होते. मागे राहिला कारखाना, त्यावरचं राहतं घर, थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि टाइप केलेले हे तीन कागद. मालकांनी ते दोन साक्षीदारांसमोर दाभणानं टोचून, मेणाच्या दोऱ्यानं स्वतः शिवले होते. जन्मभर पुस्तकं बांधलेला माणूस टाचणी लावणार थोडाच! सही मात्र एकाच जागी, तिसऱ्या पानाच्या तळाशी. प्रत्येक पानावर करा म्हटलं तर म्हणाले, पुस्तकाला शेवटचा पुठ्ठा एकच असतो.

पहिल्या पानावर घर: मालकीण आहे तोवर तिचं, पुढे थोरल्याचं. मधल्या पानावर कारखाना: सगळाच्या सगळा धाकटीचा. धाकटी वीस वर्षं खळीत हात बुडवून तिथे बसली होती. दुसरा संसार तिनं मांडलाच नव्हता. थोरल्याचं म्हणणं, हे मधलं पान बदललेलं आहे. मृत्युपत्र खोटं ठरलं तर कारखान्याचे वाटे पडणार आणि थोरला विकून मोकळा होणार. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला यंत्रं नको होती, नुसती जागा हवी होती. म्हणजे धाकटी रस्त्यावर.

बॅरिस्टरबाई दुसरी कसली कामंच घेत नसत. खून नाही, चोरी नाही, काडीमोड नाही. मृत्युपत्रं, विश्वस्तांच्या ताब्यातल्या मालमत्ता, मेलेल्यांची इस्टेट आणि त्यापायी जिवंतांनी काढलेली एकमेकांची उणीदुणी, एवढंच.

"तुमच्या मुलानं लेखी जबाबात काय म्हटलंय, ठाऊक आहे ना?" त्यांनी विचारलं. "मालक डावरे होते. दोऱ्याला पीळ डावीकडून द्यायचे. ही गाठ उजव्या हाताची आहे आणि तिचं शेपूट तिरपं कापलंय. तो म्हणतो, अशी गाठ एकच बाई मारते आणि तिनंच मला ती शिकवली."

"शिकवली तिथेच चुकलं."

"मालकीणबाई, ही गाठ कोणी मारली?"

"मालकांनी. आजारी माणूस तो. डावा हात थरथरला असेल, मारली उजव्यानं."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका." बॅरिस्टरबाईंनी दिवा विझवला. "साक्षीला होते ते डॉक्टर सांगतात, मालकांनी डाव्या हातानं शिवताना त्यांनी पाहिलंय. आणि तुम्ही प्रतिज्ञापत्रात लिहून दिलंय की लिफाफा मालक गेल्यावर वकिलांसमोर उघडला, त्याआधी कागदांना हात लावला नाही. उद्या तेच शपथेवर विचारतील. आणखी एक ऐका. एकदा तुम्ही पिंजऱ्यात चढलात की साक्ष संपेपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. दुपारच्या सुट्टीतही नाही. आमच्या धंद्याचा कडक नियम आहे. तेव्हा काही सांगायचं असेल तर आत्ता."

मालकिणीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्याच्या आधीचंही सांगावं लागणार, आणि त्याच्या आधीचं तिनं पोटच्या पोरांनाही कधी कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"सांगायचं ते सांगितलं," ती उठली. "आणि बाई, खिडकी उघडत जा जरा. मेलेल्यांच्या कागदांना वास मारायला लागलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती पिंजऱ्यात उभी होती. कोर्टाची खोली उंच छताची, बाकं गुळगुळीत झालेली. डावीकडे थोरला बसला होता, बापासारखाच खांदे पाडून. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याचे बॅरिस्टर उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारे. मालकिणीनं पाहताक्षणी त्यांचं नाव बगळा ठेवलं.

बगळ्यानं सुरुवात अगदी मऊ केली. "हे प्रतिज्ञापत्र तुमचं? सही तुमची?"

"माझीच."

"वाचून, समजून सही केलीत?"

"केली."

"मालक हयात असताना लिफाफा उघडला नव्हता?"

"नाही."

"बाइंडिंगचं काम किती वर्षं करताय?"

"तुम्ही पाटी फोडत होता तेव्हापासून."

जजसाहेबांनी मान वर केली. "आकडा सांगा, बाई."

"बेचाळीस वर्षं."

"मग गाठ बघून हात ओळखत असाल?"

"न ओळखायला काय झालं? आईला पोरांच्या हाका ओळखता येतात, तसं."

बगळ्यानं शिपायाकरवी कारखान्यातली एक जुनी वही पुढे केली. पुठ्ठा उकलून शिवण दिसेल अशी धरली. "ही कोणाची?"

तिनं बोट फिरवलं. "मालकांची. डावा पीळ."

दुसरी वही आली. "ही?"

"माझी." ते सांगताना मान थोडी ताठ झालीच. काम चांगलं होतं.

मग मृत्युपत्र आलं. तीन पांढरे कागद, कडेला पाच टाके, वरती गाठ. बगळ्याची मान आणखी पुढे आली.

"आणि ही?"

मालकिणीनं गाठीवर बोट ठेवलं. केवढी काळजी घेतली होती तिनं तेव्हा! भोकं तीच वापरली, एक नवं पाडलं नाही. दोरा मालकांच्याच रिळाचा. टाके मोजून पाच. आणि शेवटी हात आपल्या सवयीवर गेला, बेचाळीस वर्षं मारलेली गाठ मारून मोकळा झाला. दुसरा कोणीही असता तर नुसती गाठ मारून सुटला असता. तिच्या हाताला साधी गाठ येतच नव्हती.

"बाई, प्रश्न समजला ना?"

"मी बहिरी नाही."

"मग उत्तर?"

जजसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजत आला होता. "उत्तर सुट्टीनंतर द्या. दोन वाजता. तोवर साक्षीदारानं या साक्षीबद्दल कोणाशीही बोलायचं नाही. कळलं?"

बाहेरच्या बोळकंडीत लाकडी बाक होतं. मालकीण त्यावर बसली. बॅरिस्टरबाई फायली छातीशी धरून समोरून आल्या. मालकीण अर्धवट उठली, "बाई, जरा…" तोच त्या रुसलेल्या जावेसारखं तोंड फिरवून निघून गेल्या. नियम कालच सांगितला होता, पण कानानं ऐकणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं.

धाकटी चहा घेऊन आली.

"ती गाठ, मी काय म्हणते…"

"आई, गप्प! बोलायचं नाही म्हणालेत."

"मग काय मुकी होऊ?"

"हो. तासभर. जमेल का?"

"बापाची जीभ आहे तुला."

"बाबा कुठे बोलायचे? ही तुझी."

असं म्हणून धाकटी कप तिच्या हाती देऊन लांबच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीनं ज्याला विचारावं असं कोणी नव्हतं आणि ज्याला झापावं असंही कोणी नव्हतं.

गोष्ट एवढीच होती की तिला वाचता येत नव्हतं. लहानपणी शाळेत दोन पावसाळे गेली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवली. आकडे येत, सही येई, पुढे सगळा अंधार. मालकांना ठाऊक होतं. त्यांनी कधी उच्चार केला नाही. पोरांना वाटे आईचे डोळे दुखतात. बिलं धाकटी वाचून दाखवी, पत्रं मालक. हजारो पुस्तकं हातांखालून गेली, पान उलटं आहे की सुलटं ते ती कागदाच्या स्पर्शावरून सांगे, पण एकाही पुस्तकानं तिला आपलं नाव सांगितलं नाही.

मालक दवाखान्यात गेले त्या दिवशी त्यांनी लिफाफा तिच्या हातात दिला. "मी गेल्यावर उघड." लिफाफ्याला खळ होती, तीही कारखान्यातलीच, वाफेवर धरली की सुटते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. चार दिवस ती त्या लिफाफ्याभोवती मांजरासारखी फिरली. आजारपणात थोरला बापाजवळ रोज बसत होता, कुजबुजत होता. सगळं त्याच्या नावावर लिहून घेतलं असेल तर? पाचव्या दिवशी तिनं लिफाफा उघडला. आणि मग बसली तीन कागदांकडे बघत, कोंबडीनं मोत्याकडे बघावं तशी.

वाचून घ्यायचं कोणाकडून? एकाला सगळं दाखवलं तर गावभर होणार. म्हणून तिनं शिवण उसवली आणि पानं वेगळी केली. पहिलं पान दवाखान्यातल्या नर्सकडून वाचून घेतलं, चष्मा विसरला म्हणून. शेवटचं शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडून. मधलं चष्म्याच्या दुकानात. कोणाच्याच हाती सगळी गोष्ट लागली नाही. मग पुन्हा तीच भोकं, तेच टाके, लिफाफ्याला तीच खळ, आणि ती मेली गाठ.

आता खरं सांगायचं तर भर कोर्टात, थोरल्यासमोर, बगळ्यासमोर, बाकांवर बसलेल्या चार कारागिरांसमोर अक्षरशत्रू ठरायचं. आजारी नवऱ्याचा लिफाफा फोडणारी ठरायचं. न सांगावं तर पान बदलल्याचा शिक्का बसणार आणि कारखाना जाणार.

खिडकीपाशी धाकटी बोटं चोळत होती. मेणाच्या दोऱ्यानं तिच्या पहिल्या बोटाला खाच पडली होती, आयुष्यभराची. मालकिणीनं चहा तसाच बाकावर ठेवला.

दोन वाजता बगळा उभा राहिला. "तर, ही गाठ कोणाची?"

"माझी."

बॅरिस्टरबाईंची लेखणी थांबली. थोरल्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"म्हणजे सकाळी तुम्ही शपथेवर खोटं बोललात?"

"बोलले. त्या प्रतिज्ञापत्रातही बोलले. लिफाफा मालक जिवंत असतानाच उघडला होता."

"आणि पान बदलायला शिवण उसवलीत."

"वाचून घ्यायला उसवली."

बगळा हसला. "वाचायला शिवण उसवावी लागते? पुस्तकं अशी उसवून वाचता का तुम्ही?"

बाकांवर हशा पिकला. मालकिणीनं तो पूर्ण विरू दिला.

"मी पुस्तकं वाचतच नाही. मला वाचता येत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. धाकटीचा हात तोंडावर गेला होता.

"फारच सोयीचं आहे," बगळा म्हणाला. "बेचाळीस वर्षं पुस्तकं बांधणारी बाई…"

"सुतार पाळणे करतो. त्यात झोपतो का?"

"जजसाहेब, मी…"

"बोलू द्या त्यांना," जजसाहेब म्हणाले.

आणि मग ती बोलली. शाळेपासून मशीनवाल्यापर्यंत सगळं. आवाज चढवला नाही, एक अक्षर गाळलं नाही. लिफाफ्यापाशी आल्यावर मात्र तिला थांबावं लागलं. "घरात वाचता न येणारी मी एकटी. आणि लिफाफा माझ्याच हातात दिला. मला वाटलं, म्हणूनच दिला, मला कळू नये म्हणून. आता वाटतं, विश्वासानं दिला असेल. तेव्हा नाही वाटलं."

"मधल्या पानावर काय लिहिलंय, ते तरी आठवतं का?" बगळ्यानं कागद स्वतःकडे ओढून घेतला.

तिनं डोळे मिटले. एकदाच ऐकलेलं होतं. पण ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला विसरून चालत नाही. "'माझा बाइंडिंगचा कारखाना, आतील यंत्रं, सामान आणि नाव, हे सर्व माझ्या मुलीला मिळावं. ते तिनं कमावलं आहे.'" पुढचं तिनं आजवर कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. "'कारखान्याच्या कारभारात माझ्या पत्नीनं तोंड घालू नये. तिच्या जिभेपायी चार चांगले कारागीर सोडून गेले.'"

बगळ्याचं बोट कागदावर ओळीमागून ओळ सरकत होतं. एक शब्द चुकला नव्हता.

"चार नाहीत, तीन," मालकीण डोळे उघडून म्हणाली. "चौथा दारुडा होता, मीच हाकलला. आणि साहेब, मला पान बदलायचंच असतं तर ही ओळ ठेवली असती का मी?"

फेरतपासणीसाठी बॅरिस्टरबाई उभ्या राहिल्या. दिवसभरात त्या मालकिणीशी बोलल्या त्या एवढंच: "ते चष्म्याचं दुकान कुठे आहे?"

"दवाखान्यासमोर. औषधवाल्याच्या शेजारी."

"त्या माणसाला बोलावण्याची परवानगी असावी," त्या जजसाहेबांना म्हणाल्या, आणि खाली बसताना त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मालकिणीला दिसली. म्हणजे बाईंनाही शेवट ठाऊक नव्हता तर! त्या रात्री मालकिणीला झोप लागली नाही. चष्मेवाला विसरला असेल तर? रोज शंभर नाकं बघणारा माणूस, एका म्हातारीचं नाक कशाला लक्षात ठेवील?

सकाळी तो आला, गिऱ्हाइकांच्या कार्डांचा लाकडी खण काखेत मारून. एक कार्ड उपसून तारीख वाचली. मालक जाण्याच्या अकरा दिवस आधीची.

"यांना कसं काय लक्षात ठेवलंत?" बॅरिस्टरबाईंनी विचारलं.

"कसा विसरणार? मी नजर तपासून म्हटलं, आजी, तुमचे डोळे घारीचे आहेत, चष्मा कशाला? तर म्हणाल्या, तू दुकान चालवतोस की लोकांना परत पाठवतोस? साध्या काचांचा चष्मा करून घेतला. मग एक टाइप केलेला कागद काढला. म्हणाल्या, तू मोठ्यानं वाच, मला नीट दिसतंय का ते मी ताडून बघते."

"काय होतं त्यात?"

चष्मेवाल्यानं मालकिणीकडे चोरून पाहिलं. "कारखाना मुलीला. आणि… बायकोनं तोंड घालू नये. मला हसू आलं होतं, पण यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं."

बगळ्याला काहीच विचारायचं नव्हतं. तो खाली वाकून थोरल्याशी बोलू लागला. थोरल्यानं होकारार्थी मान दोनदा हलवली. बगळा उभा राहिला आणि म्हणाला, माझे अशील हरकत मागे घेत आहेत.

मृत्युपत्र खरं ठरलं. कारखाना धाकटीचा झाला. पण जजसाहेबांनी मालकिणीला सोडलं नाही. शपथेवर खोटं बोलणं म्हणजे काय, हे त्यांनी तिला उभं करून सांगितलं. एवढं कडक तिला आजवर कोणी बोललं नव्हतं, मालकसुद्धा नाही. आजच्या आज नवं, खरं प्रतिज्ञापत्र करायचं. आणि त्याच्या तळाशी नोंद घालायची की बाईंना वाचता येत नसल्यानं मजकूर वाचून दाखवला, तो त्यांना समजला, मग त्यांनी सही केली.

"ते तळाशी लिहायलाच हवं का?" मालकिणीनं विचारलं.

"हवंच. आणि ते कायम दप्तरी राहील."

कारकुनाच्या खोलीत ते टाइप होईपर्यंत बॅरिस्टरबाई आल्या. आता बोलायला मोकळ्या होत्या. "परवा मला सांगितलं असतंत तर चष्मेवाल्याला पहिल्याच दिवशी आणला असता. माझे केस पांढरे झाले दोन दिवसांत."

"ते आधीच होते," मालकीण म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "चुकलं माझं."

थोरला दारात उभा होता. आत यावं की नाही, त्याला ठरवता येत नव्हतं.

"आई, मला खरंच वाटलं तू पान बदललंस. ती गाठ बघितली आणि…"

"गाठ बरोबर ओळखलीस. तेवढं तरी शिकलास."

"वाचता येत नाही हे मला सांगितलं असतंस तर मी दाखवलं असतं वाचून."

"म्हणून तर तुला सांगितलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. ती शब्द मागे घेणाऱ्यातली नव्हती, आणि तो शब्द खोटाही नव्हता.

कारकुनानं कागद उचलला आणि आगगाडी सुटल्यासारखं वाचायला सुरुवात केली. मालकिणीनं टेबलावर हात आपटला. "अहो, पुढं कुठे आग लागलीय का? काय वाचलंत ते तुम्हाला तरी कळलं का?"

कारकून चिडला. थोरल्यानं पुढे होऊन हात केला. "द्या. मी वाचतो."

मालकिणीनं शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली.

"बस. सावकाश वाच." आणि धाकटीकडे वळून म्हणाली, "तू त्याच्या मागे उभी राहा. काही गाळतोय का, बघ."